विश्वास सोडलेल्यांचे काय करायचे?

इजिप्तच्या फायूम भागातून मिळालेला पपायरसचा एक तुकडा १८९३ साली अभ्यासकांनी प्रसिद्ध केला. दिसायला तो साधा सरकारी अर्ज आहे. अर्जदार ऑरेलियस डायोजिनीस, वय बहात्तर, ओळखीची खूण उजव्या भुवईवरचा व्रण. आपण आजवर देवांना बळी अर्पण करत आलो आहोत, आताही हुकमाप्रमाणे समितीच्या देखत बळी दिला, अर्घ्य वाहिले आणि अर्पण केलेल्याचा घास खाल्ला, तरी तसा दाखला मिळावा, अशी त्यात विनंती आहे. तारीख इसवी सन २५० च्या जून महिन्यातली. असे चाळीसहून अधिक दाखले आज उपलब्ध आहेत. त्यांतला एक तर मगररूपी देवाच्या पुजारिणीने घेतलेला आहे. म्हणजे हुकूम फक्त ख्रिस्ती लोकांसाठी नव्हता, सरसकट सगळ्यांसाठी होता. पुजारिणीला त्यात गमावण्यासारखे काही नव्हते. ख्रिस्ती माणसाला मात्र तो कागद मिळवायचा म्हणजे ज्याला त्याने प्रभू म्हटले होते त्याला सोडायचे होते. देवाच्या दयेला शेवट नाही, हे ख्रिस्ती धर्मातले वाक्य आपण आज प्रार्थनेत, भक्तिगीतांत, भिंतीवरच्या तसबिरीवर सहज वाचतो. त्या वाक्याची पहिली मोठी कसोटी या कागदांमुळे लागली.

हुकूम होता रोमन सम्राट डेसियसचा. २४९ साली तो सत्तेवर आला, तेव्हा सरहद्दीवर आक्रमणे चालू होती, आणि देवांची मर्जी परत मिळवायची तर साऱ्या प्रजेने एकदिलाने बळी अर्पण केले पाहिजेत, असे त्याच्या दरबाराला वाटले. साम्राज्यभर एकाच वेळी ख्रिस्ती लोकांवर आलेले हे पहिले संकट. रोमचा बिशप फेबियन जानेवारी २५० मध्ये प्राणाला मुकला. थोर भाष्यकार ओरिजेनचे तुरुंगात हाल झाले आणि पुढे काही वर्षांतच तो गेला. पण हुतात्म्यांच्या कथा वाचताना एक गोष्ट नजरेआड होते, ती ही की बहुसंख्य लोक टिकले नाहीत. कोणी प्रत्यक्ष बळी दिला, कोणी चिमूटभर धूप जाळला, कोणी काहीच न करता लाच देऊन दाखला विकत घेतला. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचा बिशप सिप्रियन याने लिहून ठेवले आहे की लोक बोलावण्याची वाट न पाहता चौकाकडे धावले, संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी त्यांना उद्या या म्हणत होते, आणि आजच उरकून टाका अशी हीच माणसे त्यांना गळ घालत होती. काही आईबापांनी तान्ह्या मुलांनाही सोबत नेले होते.

वर्षभरात छळाचा जोर ओसरला आणि ही माणसे परत आली. त्यांचे काय करायचे? या प्रश्नावर पुढची दोन-तीन वर्षे कार्थेज आणि रोममध्ये जो वाद झाला, तो ख्रिस्ती क्षमाविचार समजून घेण्याची मला सर्वांत चांगली वाट वाटते. कारण एक गैरसमज फार पसरलेला आहे: ख्रिस्ती धर्म म्हणजे भाबडी, सोपी क्षमा, पाप करा, क्षमा मागा, मोकळे व्हा. प्रत्यक्षात क्षमेला सीमा नाही, हे ख्रिस्ती लोकांनी सहजासहजी मान्य केलेले नाही. पुन्हा पुन्हा तिला सीमा घालून पाहिली, ती सीमा काय करते हे अनुभवले, आणि मग ती काढली. त्या अनुभवातून माझ्या मते एकच गोष्ट दिसते. क्षमेला मर्यादा घातली की माणसे शुद्ध होत नाहीत, ती खरे बोलायची थांबतात. क्षमा अमर्याद असेल तरच माणूस आपला गुन्हा त्याच्या खऱ्या नावाने उच्चारू शकतो.

वादात दोन्ही बाजूंना पवित्र शास्त्राचा आधार होता, हे आधी मान्य केले पाहिजे. पेत्राने येशूला विचारले होते, भावाला कितीदा क्षमा करू, सातदा? उत्तर आले, सातदा नाही, साताच्या सत्तरपट. हा आकडा हिशेबासाठी नव्हता, हिशेब सोडून देण्यासाठी होता. लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा बाप तर मुलाचे पाठ केलेले माफीचे बोलणे पुरे होण्याआधीच धावत सुटतो. पण त्याच येशूचे दुसरे बोल मत्तयाच्या शुभवर्तमानात आहेत: जो मला माणसांसमोर नाकारील, त्याला मीही पित्यासमोर नाकारीन. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर एकदा प्रकाश मिळून मागे फिरलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य, असे स्पष्ट बजावले आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या हर्मासच्या ग्रंथाने बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची फक्त एकच संधी मानली. कार्थेजचाच टर्टुलियन आधी ती एक संधी मान्य करत होता. पुढे तो कडक पंथाकडे झुकला आणि व्यभिचाऱ्यांना क्षमा देणाऱ्या बिशपवर त्याने जळजळीत टीका केली. देवाला पूर्णपणे सोडून देणारे तर सर्वांत मोठे पापी. तेव्हा कडक बाजू निव्वळ निष्ठुर माणसांची होती असे समजू नये. ज्यांच्या शेजारच्यांनी हाल सोसले, ज्यांच्या घरची माणसे मारली गेली, त्यांना चौकात धावत गेलेल्यांबरोबर एकाच भाकरीचा वाटा घ्यायचा होता.

कार्थेजमध्ये गुंता आणखी वाढला, कारण तुरुंगात छळ सोसून टिकलेल्या लोकांनी स्वतःच पतितांना, म्हणजे छळात विश्वास सोडलेल्यांना, क्षमापत्रे द्यायला सुरुवात केली. ज्याने देवासाठी हाल भोगले, त्याच्या शब्दाला वजन असणारच. पण काही पत्रांत नुसते एकाचे नाव आणि 'त्याच्या घरचे' एवढेच लिहिलेले असे. घरचे म्हणजे किती, हे ज्याचे त्याने ठरवायचे. त्यात सिप्रियनची स्वतःची बाजू नाजूक होती. छळाच्या काळात तो लपून राहिला होता. मंडळीला बिशप जिवंत हवा, हे त्याचे म्हणणे रास्त असेलही, पण पळून गेलेल्याने पडलेल्यांचा न्याय करावा का, असे विचारणारे लोक होतेच. त्याने भूमिका घेतली ती दोन्ही टोकांना न पटणारी. क्षमेची चिठ्ठी हाती घेऊन कोणी लगेच आत येऊ नये. सगळे बिशप एकत्र बसतील, प्रत्येकाचे ऐकतील, आणि तोवर पडलेल्यांनी पश्चात्ताप करत वाट पाहावी. २५१ साली परिषद भरली. फक्त कागद विकत घेतलेल्यांना चौकशी करून परत घ्यावे, प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे आणि मृत्यू जवळ आला तर त्यांना परत घ्यावे, असे ठरले. सुमारे दोन वर्षांनी नव्या छळाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा बिशपांनी आणखी पुढचे पाऊल टाकले: जे मनापासून प्रायश्चित्त करत आहेत, त्या सर्वांना आताच परत घ्या. त्यामागचा विचार उघड होता. ज्यांना उद्या पुन्हा त्याच चौकात उभे राहायचे आहे, त्यांना आज उपाशी ठेवून ते टिकतील अशी आशा कशी करायची?

रोममध्ये मात्र फूट पडली. २५१ मध्ये कॉर्नेलियस बिशप झाला, आणि नोव्हेशियन नावाच्या विद्वान धर्मगुरूने त्याच्याविरुद्ध उभे राहून आपली वेगळी मंडळी स्थापली. नोव्हेशियन साधा माणूस नव्हता. त्रैक्याच्या सिद्धान्तावर लॅटिनमध्ये मोलाचे लिहिणारा तो विचारवंत होता, आणि पडलेल्यांनी पश्चात्ताप करू नये, असे त्याचे म्हणणे नव्हते. जन्मभर रडा, देवाकडे याचना करा. देव काय करील ते देव जाणे. पण मंडळी तुम्हाला परत घेणार नाही, मरतानाही नाही. वरवर पाहता यात देवाच्या दयेला धक्काही लागत नाही. सिप्रियनने एका पत्रात यावर दिलेले उत्तर मला या साऱ्या वादाचा गाभा वाटते. त्याचा आशय असा: ज्याला फळ कधीच मिळणार नाही, त्याला नांगरायला सांगण्यात अर्थ काय? परतीची आशाच काढून घेतली तर माणूस रडणे सोडून देईल आणि सरळ दुसरीकडे निघून जाईल. पश्चात्तापाचा उपदेश करायचा आणि पश्चात्ताप निष्फळ आहे असेही सांगायचे, हे एकाच तोंडाने करता येत नाही.

याच काळात अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने एका पत्रात सांगितलेली घटना युसेबियसच्या इतिहासग्रंथात टिकून राहिली आहे. सेरापियन नावाचा म्हातारा, आयुष्यभर सरळ वागलेला, छळाच्या वेळी डळमळला. नंतर तो सारखी क्षमा मागत राहिला, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. मग तो आजारी पडला, तीन दिवस बेशुद्ध होता. चौथ्या दिवशी जरा शुद्ध येताच त्याने नातवाला धर्मगुरूकडे पिटाळले. रात्रीची वेळ, धर्मगुरू स्वतः आजारी. त्याने प्रभुभोजनाच्या भाकरीचा लहानसा तुकडा मुलाच्या हाती दिला आणि तो भिजवून आजोबांच्या तोंडात घाल म्हणून सांगितले. मुलाने तसे केले, आणि म्हातारा गेला. डायोनिसियसने ही गोष्ट अंत्यसमयी कोणालाही नाकारू नये या आपल्या आज्ञेच्या समर्थनार्थ लिहिली होती. पुढे ३२५ साली नायसियाच्या परिषदेने तेराव्या नियमात हेच घातले: मरणाच्या दारी असलेल्या कोणालाही ही शेवटची शिदोरी नाकारायची नाही. आठव्या नियमात नोव्हेशियनच्या पंथातून परतणाऱ्या धर्मगुरूंसाठी अट होती, की छळात पडलेल्या आणि परत घेतलेल्या लोकांबरोबर आपण सहभागी होऊ, असे त्यांनी लेखी द्यावे. स्वतःला शुद्ध म्हणवणाऱ्यांना परतीची वाट खुली ठेवली, पण ती पडलेल्यांच्या शेजारी बसण्यातूनच जात होती.

इथे गोष्ट संपली असती तर ती एका चांगल्या निर्णयाची गोष्ट झाली असती. पण ख्रिस्तसभेने एका बाबतीत नोव्हेशियनचे अर्धे म्हणणे ठेवून घेतले होते. बाप्तिस्म्यानंतर गंभीर पाप घडले, तर जाहीर प्रायश्चित्त करून परत येता येईल, पण आयुष्यात एकदाच. दुसऱ्यांदा पडलेल्याला मंडळीचे दार बंद. त्याला देवावर सोपवायचे. हेतू चांगला होता: लोकांनी पापाला हलके समजू नये. आणि झाले काय? माणसे पापाला भिण्याऐवजी संस्कारालाच भिऊ लागली. ऑगस्टिन या थोर ख्रिस्ती विचारवंताने आपल्या आत्मकथनात लिहिले आहे की लहानपणी तो खूप आजारी पडला तेव्हा त्याचा बाप्तिस्मा होणार होता, पण तो बरा झाला आणि बेत पुढे ढकलला गेला, कारण स्नानानंतरचा मळ अधिक धोक्याचा. तो खेदाने सांगतो की त्या काळी चहूकडे ऐकू येई, त्याला वाटेल ते करू दे, अजून त्याचा बाप्तिस्मा कुठे झालाय! सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ साली मरणाच्या थोडेच आधी बाप्तिस्मा घेतला, आणि त्या काळी हे काही जगावेगळे नव्हते. प्रायश्चित्ताचेही तेच झाले. ५०६ साली गॉलमधल्या आग्द इथल्या परिषदेने तर सांगून टाकले की तरुणांना प्रायश्चित्ताला सहजासहजी बसवू नये, वय नाजूक असते. म्हणजे ज्यांना सावरण्याची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच थांबायला सांगायची वेळ आली. क्षमेवर अविश्वास दाखवणाऱ्या या नियमाने स्वैराचाराला जेवढी जागा दिली, तेवढी अमर्याद क्षमेने क्वचितच दिली असेल.

यातून सुटका आली ती दूरच्या आयर्लंडमधून. तिथल्या मठवासी धर्मगुरूंनी खासगीत, पुन्हा पुन्हा पाप सांगण्याची आणि पापागणिक प्रायश्चित्त नेमण्याची रीत युरोपात आणली. जुन्या शिस्तीच्या लोकांना ती बेशिस्त वाटली. ५८९ साली स्पेनमधल्या टोलेडोच्या परिषदेने अशा वारंवार क्षमेचा निषेध केला. पण लोकांना ती हवी होती, कारण तिच्यात पडल्यावर उठता येत होते. १२१५ साली लॅटरनच्या चौथ्या परिषदेने प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे, असा नियमच केला. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात, त्या रीतीची मुळे इथवर जातात. आयुष्यात एकदा, यापासून दरवर्षी निदान एकदा, इथे यायला जवळजवळ हजार वर्षे लागली. या नव्या रीतीलाही पुढे कीड लागली. प्रायश्चित्ताच्या बदल्यात पैसे घेणारी पापमुक्तीपत्रे निघाली आणि १५१७ साली मार्टिन लूथरने त्याविरुद्ध आवाज उठवला. त्याच्या पंचाण्णव मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा असा होता की ख्रिस्ती माणसाचे सारे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातले पुढचे भांडण मोठे आहे, पण क्षमा विकत मिळत नाही आणि तिची संधी एकदाच येते असेही नाही, या दोन गोष्टींवर आज दोघांचे एकमत आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप जुना आहे, पौलाच्या काळापासूनचा: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचे का? ही भीती किती खोल होती याचा एक विलक्षण पुरावा योहानाच्या शुभवर्तमानाच्या हस्तलिखितांत आहे. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला येशूने दंड न करता सोडले आणि पुन्हा पाप करू नकोस असे सांगितले, ही कथा सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. आजचे बहुतेक अभ्यासक ती नंतर घातली गेली असे मानतात. पण ऑगस्टिनचा अंदाज उलटा होता: कच्च्या श्रद्धेच्या लोकांनी, आपल्या बायकांना ही कथा म्हणजे पापाची मुभा वाटेल या धास्तीने, ती काढून टाकली असावी. पाठभेदाबाबत तो चुकला असेल, पण माणसांच्या मनाबाबत तो चुकला असे मला वाटत नाही. विसाव्या शतकात जर्मन पाळक डिट्रिख बॉनहोफर याने १९३७ सालच्या आपल्या पुस्तकात स्वस्त कृपेवर कठोर टीका केली: पश्चात्ताप न मागणारी, शिष्यत्वाची किंमत न मोजणारी कृपा. हिटलरच्या राज्यात निमूट बसलेली चर्चे त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी देण्यात आली. त्याच्या टीकेशी मी पूर्ण सहमत आहे. पण बॉनहोफरने कृपा कमी करा असे म्हटले नाही. ती गंभीरपणे घ्या, असे म्हटले. जक्कयाची कथा हेच सांगते. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदाराच्या घरी येशू आधी पाहुणा म्हणून जातो. लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन जक्कय त्यानंतर देतो. क्षमा आधी आली म्हणून भरपाई टळली नाही, उलट तिच्यामुळेच भरपाई सुचली.

अमर्याद क्षमा आणि कठोर जबाबदारी एकाच माणसात कशा नांदतात, ते पाहायचे तर मिलानचा बिशप अँब्रोज पाहावा. नोव्हेशियनच्या पंथाविरुद्ध, पश्चात्ताप करणाऱ्या कोणालाही नाकारू नये या बाजूने त्याने दोन भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच अँब्रोजच्या काळात, ३९० साली, थेस्सलनीका शहरात दंगलीत एक सेनाधिकारी मारला गेला म्हणून सम्राट थिओडोसियसच्या सैन्याने हजारो नागरिकांची कत्तल केली. अँब्रोजने सम्राटाला पत्र लिहिले: जाहीर प्रायश्चित्त केल्याशिवाय तुझ्या उपस्थितीत मी वेदीवर अर्पण करू शकत नाही. साम्राज्याचा धनी राजचिन्हे उतरवून पश्चात्तापी लोकांत उभा राहिला, आणि त्या वर्षीच्या नाताळाला त्याला परत घेतले गेले. क्षमेचा कैवार घेणाऱ्याच माणसाने सत्ताधीशाला त्याचा गुन्हा जाहीरपणे कबूल करायला लावले, हे लक्षात घेतले पाहिजे. दार कायमचे बंद असते तर थिओडोसियसने कबुली कशाला दिली असती? त्याच्याकडे सैन्य होते, आणि सोयीचा बिशप शोधणे त्याला अवघड नव्हते.

दुसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: क्षमा करणारा देव, पण भोगले ते दुसऱ्याच कोणीतरी. पवित्र शास्त्रातच हा आक्षेप एका संदेष्ट्याच्या तोंडी आहे. योना निनवेला जायला तयार नव्हता, कारण देव त्या शहराला क्षमा करील हे त्याला ठाऊक होते. निनवे ही अश्शूरची राजधानी, आणि इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास योनाच्या लोकांचे उत्तरेकडचे राज्य अश्शूरनेच धुळीस मिळवले. त्या ग्रंथाच्या वाचकांना योनाचा राग परका वाटला नसणार. देव त्याला गप्प बस म्हणत नाही. प्रश्न विचारतो, आणि ग्रंथ तिथेच थांबतो. आपल्या काळात हा आक्षेप आणखी धारदार झाला आहे. २००२ साली बोस्टनमध्ये आणि मग जगभर उघड झाले की मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वरिष्ठांनी क्षमेच्या नावाखाली पाठीशी घातले, दुसऱ्या गावी बदली करून पुन्हा मुलांमध्येच पाठवले. माझ्या वरच्या युक्तिवादाला हा थेट छेद आहे असे कोणी म्हणेल: इथे तर क्षमेनेच सत्य झाकले. मी म्हणेन, तिथे क्षमा झालीच नाही. गुन्हा उच्चारला गेला नाही, भोगणाऱ्याचे ऐकले गेले नाही, प्रायश्चित्त नेमले गेले नाही. तिसऱ्या शतकातल्या कार्थेजने अशा माणसाला पायरीवरच थांबवले असते. आणि साताच्या सत्तरपट क्षमेचे बोल मत्तयाच्या ज्या अध्यायात आहेत, त्याच अध्यायात काही ओळी आधी येशू म्हणतो की लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे. हे दोन उतारे सोबत वाचायचे असतात. एकच वाचणाऱ्यांनी फार नुकसान केले आहे.

तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट म्हटल्या पाहिजेत. देवाची क्षमा कायद्याची शिक्षा रद्द करत नाही, आणि ज्याने भोगले त्याच्यावर तू क्षमा केलीच पाहिजेस अशी सक्ती करण्याचा अधिकार कोणत्याही धर्मगुरूला नाही. ओडिशात २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची मुले यांना गाडीत जाळून मारले गेले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि त्या कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी तिथेच राहिल्या. खटला मात्र चालू राहिला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी घडल्या आणि एकीने दुसरीचे काही हिरावून घेतले नाही.

करावे तसे भरावे, या न्यायात वाढलेल्या मराठी वाचकाला तिसरा आक्षेप सुचेल: कर्माचे फळ टळतेच कसे? पण याच वाचकाच्या कानावर वाल्या कोळ्याची कथा आणि पांडुरंगाचे पतितपावन हे नावही लहानपणापासून पडलेले असते. संतांनाही हिशेब ठाऊक होता, आणि हिशेबापलीकडे हाक मारता येते हेही ठाऊक होते. ख्रिस्ती विचाराचे वेगळेपण इतकेच की पापाची किंमत कोणीच मोजत नाही असे तो म्हणत नाही. क्रूसावर देवानेच ती स्वतःवर घेतली, असे त्याचे म्हणणे आहे. हे पटणे न पटणे हा श्रद्धेचा भाग झाला. पण किंमत बुडवली गेली, हा आरोप त्यावर करता येत नाही.

मग खरोखरच सीमा नाही का? मार्कच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याच्या निंदेला क्षमा नाही असे म्हटले आहे, आणि कित्येक संवेदनशील माणसे आपल्याकडून तेच पाप घडले असावे या धास्तीत झुरली आहेत. संदर्भ पाहावा. येशू लोकांना बरे करत होता आणि विरोधक त्या कामाला सैतानाचे काम म्हणत होते. ऑगस्टिनने याचा अर्थ असा लावला की क्षमा देणाऱ्यालाच शेवटच्या श्वासापर्यंत नाकारत राहणे, हे ते पाप. म्हणजे ज्याला धास्ती वाटते आणि जो क्षमा मागतो, त्याच्याकडून ते घडलेलेच नाही. पूर्वेकडच्या काही आचार्यांनी आणखी पुढची आशा धरली. चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी आणि सातव्या शतकातला निनवेचा इसहाक यांना वाटले की शेवटी कोणीच बाहेर राहणार नाही. मुख्य प्रवाहाने हे सिद्धान्त म्हणून स्वीकारले नाही, कारण प्रेम लादता येत नाही आणि नकाराचे स्वातंत्र्य खरे असले पाहिजे. मला हा सावधपणा योग्य वाटतो. पण हेही खरे की तशी आशा धरण्याला कोणी मना केलेली नाही, आणि योना ज्या शहरावर रुसला होता त्याच शहराच्या बिशपने ती धरावी, याचा मला आनंद वाटतो.

मराठी मुलखात हा विचार ज्या वाटेने सर्वांत खोल रुजला, ती पंडिता रमाबाईंची. १८८३ साली इंग्लंडमध्ये असताना वाँटेजच्या मठभगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम भागातले, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी चाललेले काम दाखवले. अशा स्त्रियांची इतकी काळजी का घेता, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. त्या कथेत येशू विहिरीवर भेटलेल्या स्त्रीला तिचे पाच नवरे आणि आताचा नवरा नसलेला माणूस, हे सगळे तोंडावर सांगतो. पण बोलणे तोडत नाही, तिच्याकडचे पाणी नाकारत नाही. आणि भरदुपारी एकटी विहिरीवर आलेली ती स्त्री गावात जाऊन सांगते, मी केलेले सगळे ज्याने मला सांगितले तो माणूस पाहायला चला. जे लपवायचे, तेच ती आता चारचौघांत बोलू लागते. त्याच १८८३ सालच्या सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांचे मुक्ती मिशन उभे राहिले, तेव्हा विधवा, अनाथ आणि दुष्काळग्रस्त मुलींच्या घरांबरोबर त्यांनी समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठीही एक स्वतंत्र घर काढले आणि त्याचे नाव ठेवले कृपासदन.